धरणाच्या पायथ्याचं घर

घर घेताना आपण बायका काय काय बघतो! स्वयंपाकघरात सकाळचा उजेड येतो की नाही, ओटा उंचीला बरा आहे ना, कपाटं पुरतील ना, शाळा किती लांब, शेजार कसा. पुरुषमंडळी किंमत आणि कर्जाचा हप्ता बघतात. पण घराच्या वरच्या अंगाला, पाऊण मैलावर, एखादा मातीचा बांध आहे का आणि पावसात त्याच्या पोटात किती पाणी साठतं, हे कोण बघतं? तुम्ही म्हणाल, लोणची-पापडांच्या पानांवर बाईंनी हे धरण कुठलं काढलं? काढलं खरं. विषय घराचाच आहे. सासूबाईंचा पलंग कुठल्या खोलीत असावा इथपर्यंत तो आमच्या घरात शिरलेला आहे.

आम्ही राहतो अमेरिकेत, टेक्सासमध्ये, डॅलस शहराच्या उत्तरेला कॉलिन कौंटीत. कौंटी म्हणजे आपला जिल्हा धरा. १९९६ साली आलो तेव्हा ओळखीची मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. आता गणपतीला हॉल पुरत नाही. २००३ साली आम्ही हे घर घेतलं. घर दाखवणाऱ्या बाईंनी मागचं दार उघडून मोठ्या कौतुकानं सांगितलं, की मागे ही अशीच हिरवळ राहणार, इथे कधी कोणी बांधणार नाही. खाली ओढा, ओढ्याकाठी पेकानची झाडं आणि लांबवर एक सरळ हिरवी रेघ. ती रेघ म्हणजेच धरण. तिचं नाव काही बाईंनी काढलं नाही.

धरण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोयना किंवा भाटघर आलं असेल तर ते पुसून टाका. इथे ना दरवाजे, ना पूल, ना रखवालदार. तीसेक फूट उंच आणि हजार-बाराशे फूट लांब असा मातीचा भराव, त्यावर गवत, आणि मागे बदकांचं तळं. तळ्यात एक काँक्रीटचा चौकोनी मनोरा उभा आहे, विहिरीचा कठडा पाण्यातून वर आल्यासारखा. पाणी त्याच्या तोंडापर्यंत चढलं की आपसूक आत पडतं आणि भरावाच्या पोटातल्या नळातून पलीकडे ओढ्यात जातं. हा नळ मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. वरून बादल्यांनी ओतलं तरी आपली मोरी जशी आपल्या बेतानंच पाणी सोडते, तसंच हे. पाऊस झोडपून गेला की तळं फुगतं, आणि मग आठ-दहा दिवसांत सावकाश उतरतं. त्याहूनही जास्त पाणी आलं, तर भरावाच्या एका टोकाला रुंद, गवताळ सांडवा ठेवलेला असतो, त्यातून ते बाजूनं निघून जावं. भरावाच्या माथ्यावरून मात्र पाणी जाता कामा नये. मातीच्या धरणाला ते सोसत नाही.

आणि माती तरी कुठली म्हणता? काळी! पहिल्याच उन्हाळ्यात अंगणात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. सासूबाईंचं माहेर जळगावकडचं. त्या नुकत्याच आल्या होत्या. काठीनं भेग चाचपून म्हणाल्या, "अगं, ही तर आपली कापसाची जमीन!" आणि खरंच, हा सगळा पट्टा एके काळी कापसाचाच. मातीचे शास्त्रज्ञ इथली काळी आणि आपली रेगूर एकाच गटात घालतात. भिजली की फुगते, वाळली की फाटते. पाणी धरून ठेवायला चांगली, पण भरावाला उन्हाळ्यात भेगा पडल्या तर त्यावर नजर ठेवावी लागते.

हे धरण बांधलं तेव्हा खाली माणूस राहत नव्हता. शेतंच शेतं. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यात अमेरिकेतली अकरा खोरी निवडली गेली, त्यांत आमच्या ट्रिनिटी नदीचं खोरं होतं. पुढे १९५४ च्या कायद्यानं हीच योजना देशभर नेली. सरकारच्या मृदसंधारण खात्यानं आराखडे काढले, शेतकऱ्यांनी जागा दिली, आणि ओढ्या-ओढ्यांवर असे बांध उभे राहिले. देशात अकरा हजारांहून जास्त, त्यांतले दोनेक हजार एकट्या टेक्सासमध्ये. हेतू एवढाच, की पिकं वाहून जाऊ नयेत आणि माती नदीत जाऊ नये. आयुष्य धरलं होतं साधारण पन्नास वर्षं. आमचं धरण त्या पहिल्या काळातलं, म्हणजे ती पन्नास वर्षं केव्हाच भरली.

त्यानं काम मात्र चोख केलं, हे म्हटलंच पाहिजे. मे २०१५ मध्ये टेक्सासमध्ये असा पाऊस झाला, की तोवरच्या नोंदींतला तो सगळ्यांत ओला महिना ठरला. आमचं बदकांचं तळं फुगून सांडव्याच्या ओठाला लागलं. दोन रात्री आम्ही टॉर्च घेऊन मागच्या दारात उभे होतो. ओढा काठोकाठ वाहिला, पण आमच्या कुंपणाला शिवला नाही. अकराव्या दिवशी तळं पहिल्या जागी.

मग मागच्या एका हिवाळ्यात नगरपालिकेचं पत्र आलं. धरणावरची झाडं तोडायची आहेत, पुढे सांडवाही रुंद करायचा विचार आहे, सभेला या. पत्रात एक ओळ होती: धोक्याचा वर्ग 'हाय', स्थिती 'फेअर'.

झालं! गल्लीत एकच गडबड. समोरच्यांनी ऐकलं 'हाय हॅझर्ड', म्हणजे धरण आता फुटतंय. पलीकडच्यांनी ऐकलं 'फेअर', म्हणजे बरं चाललंय, कशाला खर्च? दोघंही एकाच पत्रावरून भांडत होते. मला वाटतं हे दोन शब्द नीट समजून घेतले तर अर्धी भांडणं मिटतील, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

तुमच्या घरी वातींचा स्टोव्ह आहे असं समजा. त्याच्याबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. एक, स्टोव्ह धड आहे का? वाती ठीक, टाकी गळत नाही, पाय डुगडुगत नाहीत. दुसरा, तो कलंडला तर कोण भाजेल? ओट्यावर असेल आणि घरात दोघं मोठी माणसंच असतील तर गोष्ट निराळी. खाली जमिनीवर असेल आणि घरात रांगतं मूल असेल तर निराळी. स्टोव्ह तोच. कोरा करकरीत असला तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'मोठा धोका' असंच येईल, कारण ते उत्तर मुलाबद्दलचं आहे.

धरणाचा धोक्याचा वर्ग हा दुसरा प्रश्न. धरण फुटलंच तर खाली काय होईल, एवढंच तो सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीत तीन वर्ग आहेत. नुकसान थोडं आणि बहुतेक मालकाचंच, तर 'लो'. माणूस दगावण्याची शक्यता नाही पण रस्ते, मालमत्ता, पाणीपुरवठा यांचं नुकसान होईल, तर 'सिग्निफिकंट'. एक जरी जीव जाण्याची शक्यता असली तरी 'हाय'. टेक्सासचा हिशेब याहून रोखठोक आहे. धरण फुटल्यावर पाणी जिथवर पसरेल तिथे तीन किंवा जास्त राहती घरं असली, की वर्ग 'हाय'. तीन घरं! आमच्या एका गल्लीत बावीस आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे स्थितीचा शेरा. 'सॅटिसफॅक्टरी', 'फेअर', 'पुअर', 'अनसॅटिसफॅक्टरी' अशी उतरंड आहे, आणि काहींची तपासणीच झालेली नसते, त्यांना शेराच नाही. 'फेअर' म्हणजे नेहमीच्या दिवसांत दोष दिसत नाही, पण क्वचित येणाऱ्या अतिवृष्टीत उणं पडू शकेल. 'पुअर' म्हणजे खरोखर येऊ शकेल अशाच परिस्थितीत दोष आहे, दुरुस्ती हवी. 'अनसॅटिसफॅक्टरी' म्हणजे ताबडतोब हात घाला.

आता यातली मेख अशी, की घरं खाली आली आणि दोन्ही उत्तरं बदलली. वर्ग तर चढलाच. पण वर्ग चढला की नियम कडक होतात. शेतांवरच्या धरणाला जेवढा सांडवा पुरे होता, तेवढा वस्तीवरच्या धरणाला चालत नाही. कितीतरी मोठा पूर पेलता आला पाहिजे. म्हणजे भरावाचं एक ढेकूळही हललेलं नसताना आमचं धरण कागदावर 'सॅटिसफॅक्टरी'चं 'फेअर' झालं. धरण होतं तिथेच राहिलं. त्याच्या पायथ्याशी येऊन बसलो ते आम्ही. धरणाची जागा आणि मागचं बुडीत क्षेत्र यांच्यासाठी जुन्या शेतकऱ्यांनी हक्क लिहून दिले होते, खालच्या जमिनीबद्दल काहीच नव्हतं. तिथे प्लॉट पाडायला कोणाची आडकाठी नव्हती. मला विचाराल तर राग यायचाच असेल तर तो इथे यावा, झाडं तोडणाऱ्यांवर नव्हे.

पत्र आलं त्या संध्याकाळी मी आणि हे जेवणाच्या टेबलाशी हलक्या आवाजात बोलत होतो. सासूबाई ब्याऐंशीच्या, गुडघे गेलेले, जिने बंद. खालची मागची खोली त्यांची, खिडकी थेट ओढ्याकडे. त्यांना कशाला सांगा, असा आमचा विचार. पण कान शाबूत आहेत. वरणभात कालवता कालवता म्हणाल्या, "धरण मातीचं आहे का गं?"

मी म्हटलं, "हो आई."

त्या काही बोलल्या नाहीत. पुण्यातल्या वाचक भगिनींना वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१. पानशेतही मातीचंच. काम पुरं झालेलं नसताना त्यात पाणी साठलं, भराव खचत गेला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली आणि सकाळी ते गेलं. मग खालचं खडकवासला. सासूबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या, लग्नाला चार महिने झालेले, बिऱ्हाड नारायण पेठेत. शेजारच्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या म्हणून वाचल्या. माहेरची पितळी भांडी, लग्नातले शालू, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावरचा चिखलाचा वास त्या अजून सांगतात.

जेवण झाल्यावर हात पुसत त्यांनी विचारलं, "फुटायचं तेव्हा फुटेल. पण सांगणार कोण? आम्हाला तेव्हा रस्त्यातल्या ओरड्यावरून कळलं."

साठ वर्षांपूर्वीची बाई, पण प्रश्न इतका नेमका की मी सभेला तोच घेऊन गेले.

सभेत पहिला तास झाडांवरच गेला. भरावावर वीस-पंचवीस झाडं माजली होती. लोकांना ती हवी होती. सावली, पक्षी, शिवाय मागून जाणारी विजेची तार झाकली जाते. नगरपालिकेच्या इंजिनियरबाई शांतपणे सांगत होत्या. झाड वाऱ्यानं उन्मळलं तर मुळांबरोबर भरावाचा लचका येतो. झाड मेलं तर मुळं कुजतात आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढतं. झाडोऱ्यात बीव्हर, रानडुकरं, घुशीसारखे गोफर घरं करतात आणि पाहणी करणाऱ्याला पाझर दिसत नाही. एका गृहस्थांनी विचारलं, एवढंसं धरण, त्याचं एवढं काय?

एवढंसं! जॉर्जिया राज्यात टोकोआ नावाच्या गावी केली बार्न्स नावाचं असंच जुनं मातीचं धरण होतं, चाळीसेक फूट उंच. एके काळी विजेसाठी वापरलेलं, पुढे नुसतंच तळं. उतारावर झाडं वाढलेली, खाली एका कॉलेजचा परिसर आणि विद्यार्थ्यांचे संसार. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराला ते फुटलं. ३९ माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. अध्यक्ष कार्टर मूळचे त्याच राज्याचे. त्यांच्या पत्नी रोझलिन कार्टर स्वतः तिथे गेल्या होत्या. धरणांच्या तपासणीचा कायदा १९७२ पासून कागदावर होता, तो त्यानंतर खऱ्या अर्थानं हलला. पुढच्या तीन-चार वर्षांत लष्कराच्या अभियंत्यांनी धोक्याच्या वर्गातली जवळपास नऊ हजार धरणं तपासली, त्यांतली एक-तृतीयांश असुरक्षित निघाली. हे सगळं इंजिनियरबाईंनी सांगितलं आणि खोली जरा गप्प झाली.

मग मी उभी राहिले आणि सासूबाईंचा प्रश्न विचारला. सांगणार कोण?

बाईंच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं दिसलं. म्हणाल्या, हे कोणी विचारतच नाही. अशा वर्गातल्या धरणाला आणीबाणीचा आराखडा असावाच लागतो. कोणी कोणाला फोन करायचा, कुठले रस्ते बंद करायचे, पाणी कुठवर येईल त्याचा नकाशा. आठवड्यानं मी त्यांच्या कचेरीत जाऊन तो नकाशा पाहिला. निळ्या पट्ट्यात आमचं घर होतं. आणि गंमत बघा, घर घेताना बँकेनं जो पुराचा नकाशा पाहिला होता त्यात आम्ही पूररेषेच्या बाहेर, सुरक्षित! तो नकाशा पावसाच्या पुराचा असतो. धरणफुटीचं पाणी त्यात धरलेलंच नसतं. परदेशात राहणाऱ्या ज्या मैत्रिणी हे वाचत असतील त्यांनी एवढं ध्यानात ठेवा. आणि इथल्या साध्या घरविम्यात पुराचं नुकसान येत नाही; पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, तोही घेतल्यावर साधारण तीस दिवसांनी लागू होतो. ढग दिसल्यावर धावून उपयोग नाही.

आराखड्यातले फोन नंबर मात्र जुने होते. दोघांची बदली झालेली, एक गृहस्थ निवृत्त. ते तिथेच बसून बदलून घेतले. आमच्या गल्लीसाठी आम्ही आमचीही यादी केली. कोणाकडे कोण एकटं, कोणाला चालता येत नाही, कोणाला इंग्रजी कळत नाही. सासूबाईंना खुर्चीसकट उचलून वर न्यायचं काम शेजारच्या दोन कॉलेजच्या मुलांनी अंगावर घेतलं. रविवारी एकदा करूनही पाहिलं. चार मिनिटं लागली. वर पोचल्यावर त्यांनी दोघांना बेसनाचे लाडू दिले आणि म्हणाल्या, पुन्हा करा, खाली सोडायचंय.

पलंग मात्र त्याच खोलीत आहे. मी पुढच्या खोलीत हलवायला निघाले होते. त्यांना मागची खिडकी हवी.

आपल्याकडे काय परिस्थिती, असं तुम्ही विचाराल. २०१९ च्या २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. तेही लहान, तेही मातीचं, पायथ्याशी वाडी. वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर एका मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं आणि लोक संतापले. बिळं मातीच्या धरणाला वाईट, हे खरंच आहे. पण बिळं शोधून बुजवायची म्हणूनच तर पाहणी करायची असते ना! खेकडा काय अर्ज करून येतो? २०२१ साली आपल्याकडे धरण सुरक्षा कायदा झाला, पण तो मुख्यतः पंधरा मीटरहून उंच धरणांसाठी. त्याहून लहान धरणं काही अटींत बसली तरच त्यात येतात. गावागावांतले पाझर तलाव आणि छोटे बंधारे बहुतेक बाहेरच राहतात. त्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईचे डोळे हीच त्यांची पाहणी.

म्हणून डोळे कुठे ठेवायचे तेवढं सांगते, इंजिनियरबाईंकडून शिकलेलं. भरावाच्या पायथ्याशी थोडं ओलं असणं, नितळ पाणी झिरपणं हे पुष्कळदा चालतं. पण कालपर्यंत नितळ असलेलं पाणी आज गढूळ आलं, किंवा धार वाढली, तर भरावाची माती आतून वाहून येते आहे असं समजा आणि त्याच क्षणी कळवा, सकाळची वाट बघू नका. माथा कुठे बसका दिसला, लांबीला समांतर भेग दिसली, उतार फुगलेला वाटला, तरीही तेच. गुरं भरावावर चारू नका, पाऊलवाटांना पाणी लागून घळी पडतात. कोरड्या दिवसांत एकदा पाहून ठेवा, म्हणजे पावसात काय बदललं ते कळतं.

आमच्या भरावावरची झाडं गेली. पहिले आठ दिवस उघडंबोडकं वाटलं, आता गवत आलंय. सांडव्याच्या कामाचे पैसे मोठे आहेत. अशा जुन्या धरणांच्या डागडुजीसाठी २००० सालापासून केंद्र सरकार ६५ टक्के खर्च देतं, पण रांग लांब आहे आणि उरलेले ३५ टक्के गावानं उभे करायचे. त्यासाठी कर वाढवायचा का, यावर गल्लीत नवं भांडण सुरू आहे. मी 'हो' च्या बाजूनं आहे. समोरच्यांनी मला दोन महिने हाक मारलेली नाही.

पुढची पाहणी मार्चमध्ये आहे. इंजिनियरबाईंनी बरोबर चला म्हटलंय. मी चिखलाचे बूट आणून ठेवलेत, आणि सासूबाईंनी विचारायच्या गोष्टींची यादी द्यायला सुरुवात केली आहे. काल सातवी झाली.